संताप नेमका कोणाचा?

जाहीर निषेध दर्शवणारे इंग्रजी वाक्प्रयोग आपण हल्ली ज्या सढळ हाताने वापरतो, त्याला माझा आक्षेप आहे. 'पब्लिक आउटक्राय' (जनतेचा आक्रोश), 'बॅकलॅश' (तीव्र विरोधी प्रतिक्रिया), 'अंडर फायर' (टीकेच्या भडिमाराखाली) हे शब्द इंग्रजी आहेत म्हणून नव्हे, तर त्यांत गृहीत धरलेले लोक बहुतेक वेळा जागेवर नसतात म्हणून.

निषेधाच्या जुन्या शब्दांमागे मात्र खरी माणसे होती. 'ह्यू अँड क्राय' (हाकाटी) ही मध्ययुगीन इंग्लंडमध्ये कायद्याने बंधनकारक केलेली कृती होती. १२८५च्या विंचेस्टरच्या कायद्याने आरडाओरडा करत गुन्हेगाराचा गावोगाव पाठलाग करणे रहिवाशांवर सोपवले होते आणि दरोडेखोर हाती न लागल्यास नुकसानीची जबाबदारीही त्या भागातील लोकांवरच येत असे. 'बॉयकॉट'ची कथा तर अधिक बोलकी आहे. १८८० साली आयर्लंडमधील मेयो परगण्यात जमीनदाराचा कारभारी असलेल्या कॅप्टन चार्ल्स बॉयकॉटचे काम मजुरांनी सोडले, दुकानदारांनी त्याला माल नाकारला, आणि शेवटी उभे पीक काढण्यासाठी बाहेरून सुमारे पन्नास माणसे सैनिक-पोलिसांच्या बंदोबस्तात आणावी लागली. त्या मजुरांनी स्वतःच्या रोजगारावर पाणी सोडले होते. आज जी वस्तू आपण कधी घेणारच नव्हतो, तिच्यावरही बसल्या जागी 'बॉयकॉट' पुकारता येतो.

एखाद्या अभिनेत्याच्या जाहिरातीवर 'स्पार्क्स आउटरेज' (संताप उसळला) असा मथळा येतो आणि बातमी उघडावी तर खाली अनोळखी खात्यांवरील तीन प्रतिक्रिया चिकटवलेल्या असतात. संतापले कोण, किती जण आणि त्यांनी केले काय, यातले काहीही न सांगता वाक्य पूर्ण होते, हीच या वाक्प्रयोगाची सोय आहे. (आपली 'संतापाची लाट'ही याबाबतीत फारशी निर्दोष नाही.) अमुक संघटनेने निवेदन दिले, असे लिहिणाऱ्याला निदान चौकशी तरी करावी लागते.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत ठरावात 'डिप्लोर्स' (खेद व नापसंती) घालायचे की 'कन्डेम्स' (धिक्कार), यावर घासाघीस होते, कारण दुसऱ्या शब्दाचे वजन अधिक आहे हे तिथे सर्वांना ठाऊक असते. 'स्लॅम' (झोडपणे) वापरताना आपल्याकडे तेवढाही विचार होत नाही. सुनावणीत न्यायाधीशांनी वकिलाला एखादा खोचक प्रश्न विचारला, की लगेच 'कोर्ट स्लॅम्स' छापून येते. पुढे निकाल त्याच वकिलाच्या बाजूने लागला, की तो मथळा वाचलेल्यांना न्यायालयाने शब्द फिरवला असे वाटते आणि त्याचा दोष न्यायालयाच्या माथी बसतो.