‘ताई त्या रांगेत कधी उभ्या राहिलेल्या दिसत नाहीत’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ईएसआय (कामगार राज्य विमा) कार्डावर मानसोपचार कसे मिळतात, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘सगळं कागदावर छान असतं. या ताई त्या रांगेत कधी उभ्या राहिलेल्या दिसत नाहीत. आयुष्मानची माहितीही चुकली आहे. समुपदेशन मिळत नाही, आणि ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांनी काय करायचं?’

आधी चूक मान्य करते. आयुष्मान भारतमध्ये डिस्चार्जनंतरची औषधं १५ दिवसांची मिळतात, मी महिनाभराची लिहिलं होतं. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता रांग.

माझा धाकटा भाऊ कारखान्यात फिटर. २०२२ च्या पावसाळ्यात त्याला स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. आई-वडील थकलेले, त्यामुळे दर महिन्याला त्याला दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडे आलं. केसपेपरची खिडकी आठला उघडायची, आम्ही साडेसहालाच जाऊन उभे राहायचो. गर्दी वाढली की त्याला वाटायचं, सगळे आपल्याबद्दलच कुजबुजतायत. मी त्याला खांबाकडे तोंड करून उभं करायचे आणि स्वतः त्याच्या पाठीशी, लोक दिसू नयेत म्हणून. एकदा पुढे दोनच माणसं उरली असताना तो तडक निघून गेला. मी रांग सोडून धावले. त्याला घेऊन परत आले तोवर खिडकी बंद. दुसऱ्या दिवशी मला पुन्हा रजा टाकावी लागली.

आणि तुम्ही, स्वतःचं नावही न लिहिता, म्हणता ‘दिसत नाहीत’. कुणाला दिसायला हवी होते मी? रांगेत फोटो काढून लेखाला जोडायला हवा होता का? टीका करा, हक्क आहे तुमचा. पण ज्या बाईची माहिती नाही तिच्याबद्दल असं ठोकून द्यायचं, ही कुठली रीत?

ज्याला तुम्ही ‘कागद’ म्हणता, त्या कागदावर आमचं घर चाललं. आजारपणाचा लाभ ९१ दिवस मिळाला, पगाराच्या ७० टक्के. तो संपल्यावर खिडकीवर सांगितलं, आता काही मिळणार नाही. मी घरी येऊन रात्री नियम वाचत बसले. दीर्घ मुदतीच्या ३४ आजारांची यादी आहे, तीत स्किझोफ्रेनिया आहे. दोन वर्षं नोकरी झालेली असेल आणि मागच्या चार वर्गणी कालावधींत (एक कालावधी सहा महिन्यांचा) किमान १५६ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर ८० टक्के दराने वाढीव लाभ मिळतो, मुदत वाढवत नेली तर दोन वर्षांपर्यंत. ती यादी छापली, आजाराच्या नावाखाली लाल पेनने रेघ मारली आणि सकाळी त्याच खिडकीवर ठेवली. अर्ज घेतला गेला.

‘सगळं कागदावरच असतं’ हे वाचून एखादी बाई ९१ दिवसांनंतर गप्प घरी बसली, तर तिच्या घरातला गेलेला पगार तुम्ही भरून देणार आहात का? याचा मला खरंच राग आला आहे, लपवत नाही.

समुपदेशनाचं म्हणाल तर माझा लेख औषधोपचार आणि रजेच्या पैशांबद्दल होता. कार्ड नसलेल्यांसाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, टेलि-मानसची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तो विषय वेगळा, त्यावर नंतर कधीतरी.

तुम्हाला स्वतःला वाईट अनुभव आला असेल तर तो जरूर लिहा. कुठलं औषध नाकारलं, काय कारण दिलं, परताव्याचं बिल किती महिने अडकलं, सगळं. तो मी मूळ लेखात जोडेन. पण यापुढे माझ्याबद्दल अंदाज बांधून लिहिलेली प्रतिक्रिया इथे ठेवणार नाही.