स्वतःवरचा राग म्हणजे पश्चात्ताप नव्हे

ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळात हे दरवर्षी दिसतं. राखेच्या बुधवारी, म्हणजे या काळाच्या पहिल्याच दिवशी, केलेला संकल्प पहिल्याच आठवड्यात मोडतो आणि माणूस स्वतःवर चिडतो. 'मी असा कसा वागलो?' ऐकायला हा पश्चात्ताप वाटतो, पण दुखावलेला असतो तो मान. आपण पडणाऱ्यांतले नाही, ही मनातली खात्री खोटी ठरलेली असते. बिशप आणि आध्यात्मिक लेखक संत फ्रान्सिस डि सेल्स यांनी म्हणूनच स्वतःच्या दोषांशीही सौम्यपणे वागायला सांगितलं. चिडून केलेल्या पश्चात्तापापेक्षा शांत आणि ठाम पश्चात्ताप खोल जातो, असं त्यांचं मत.

हा शांतपणा अंगी बाणवायला जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची रोजच्या आत्मपरीक्षणाची रीत फार उपयोगी आहे. पायऱ्या पाच. मिळालेल्या दानांबद्दल देवाचे आभार. आपली पापं दिसावीत म्हणून कृपेची मागणी. मग उठल्यापासून आत्तापर्यंतचा तासातासाचा हिशेब: आधी विचार, मग शब्द, मग कृती. त्यानंतर क्षमायाचना आणि शेवटी, कृपेच्याच भरवशावर, सुधारण्याचा निश्चय. येशूने शिकवलेल्या 'प्रभूच्या प्रार्थने'ने समाप्ती. पंधरा मिनिटं पुरतात.

बिघडतं कुठे? बरेच जण पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट हिशेबाला बसतात. मग दिवस वाईट गेला असेल तर निराशा आणि बरा गेला असेल तर फुशारकी, दुसरं काही हाती लागत नाही. दुसरी पायरी सांगते की स्वतःचा दोष बघायची नजरसुद्धा आपल्या मालकीची नाही, ती मागून घ्यावी लागते. माझ्या मते नम्रता इथेच सुरू होते, दोष सापडायच्याही आधी.

आणि हो, लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातल्या येशूच्या दाखल्यातला परुशी, म्हणजे कडक नियम पाळणारा यहुदी धार्मिक माणूस, तोसुद्धा आभारानेच सुरुवात करतो! पण तो आभार मानतो ते आपण इतरांसारखे नाही याचे, आणि लगेच आठवड्यातले दोन उपवास आणि दशांश (देवाला दिलेला उत्पन्नाचा दहावा भाग) मोजून दाखवतो. म्हणून पहिल्या पायरीवर आपण काय केलं ते आणू नये, फक्त काय मिळालं ते आठवावं.

हिशेब नेमका हवा. 'मी महापापी आहे' म्हणायला काहीच कष्ट पडत नाहीत. उलट असं म्हणणाऱ्याला दुसऱ्याने 'खरंय' म्हटलं की राग येतो. 'जेवताना आईवर ओरडलो, कारण तिचं बरोबर होतं' हे कबूल करणं जड जातं. दुसरी पळवाट 'माझा स्वभावच तापट' ही. दुर्बलता स्वीकारणं म्हणजे तिला सूट देणं नव्हे. प्रेषित पौलाने 'देहातला काटा', म्हणजे आपल्याला छळणारी एक दुर्बलता, निघावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली. 'माझी कृपा तुला पुरे आहे' हे उत्तर त्यानंतरचं.

एखादा दोष पुन्हापुन्हा छळत असेल तर इग्नेशियस तेवढा एकच धरायला सांगतात. सकाळी उठताच त्याची आठवण, आणि दिवसात जेव्हा घसरू तेव्हा छातीवर हात. चारचौघांतही कुणाच्या लक्षात येत नाही. दुपारी आणि रात्री वहीतल्या दोन ओळींवर, जितक्यांदा घसरलो तितके ठिपके. दुपारची तुलना रात्रीशी, आजची कालशी, या आठवड्याची गेल्या आठवड्याशी. ठिपके कमी झाले की मात्र सावध राहावं, कारण वहीचं प्रगतिपुस्तक व्हायला वेळ लागत नाही.

एका प्रकारच्या माणसाने हे सगळं जपून करावं: ज्याला पापनिवेदनात धर्मगुरूंना सांगून झालेलं पापही 'नीट सांगितलं की नाही' म्हणून छळतं. खुद्द इग्नेशियस स्पेनमधल्या मनरेसा गावात असताना, १५२२च्या सुमारास, या संशयाने इतके ग्रासले होते की जीव द्यावा असंही मनात येई. आठवडाभर त्यांनी अन्न सोडलं, ते पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी आज्ञा केल्यावर घेतलं. पुढे जुनी पापं पुन्हा निवेदन करायची नाहीत असं ठरवलं तेव्हा त्यांची सुटका झाली. असा त्रास असणाऱ्याने तासातासाचा हिशेब बाजूला ठेवावा, एकाच धर्मगुरूकडे जावं, आणि 'हे पुन्हा सांगू नकोस' असं त्यांनी सांगितलं तर, मन कितीही कुरकुरलं तरी, ते ऐकावं.