फटींचा विमा

माझा लॅपटॉप धडधाकट आहे. त्याचे ‘ळ’ हे अक्षर तेवढे दोनदा दाबावे लागते. तरीही मायक्रोसॉफ्टच्या विंडोज १० या संगणकप्रणालीचे मोफत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याचे तो मला ऐन कामाच्या वेळी ऐकवतो. विंडोज ११ त्याला मिळत नाही, कारण त्याचा इंटेल प्रोसेसर सातव्या पिढीचा आहे आणि मायक्रोसॉफ्टची यादी, काही अपवाद सोडले तर, सुरू होते ती आठव्यापासून. राहिला एकच सरळ मार्ग : ३० डॉलर, म्हणजे अडीच हजारांहून अधिक रुपये, भरून आणखी एक वर्ष सुरक्षा विकत घेणे.

चौकशीसाठी मी लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीतील एका दुकानात गेलो. झेरॉक्स, पीकविमा आणि लॅपटॉप दुरुस्ती ही तिन्ही कामे तिथे एकाच टेबलावर होतात. तिथल्या मुलाने झाकण उघडले आणि पाहताक्षणी बंद केले. “काका, ह्याच्यात पैसे घालू नका. नाहीतर अकरा नंबर क्रॅक मारून देतो.” चोरांपासून संरक्षण मागायला आलेल्या माणसाला चोरीचाच माल सुचवण्याइतका आत्मविश्वास मला आयुष्यभरात कमावता आला नाही.

बाकावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांना हरभऱ्याचा विमा भरायचा होता, परंतु सर्व्हर बंद होता, त्यामुळे त्यांच्यापाशी वेळ होता आणि समोर मी होतो.

“कशाचे पैसे भरायलात?” त्यांनी विचारले.

विंडोजमध्ये अधूनमधून फटी सापडतात, त्यांतून चोर शिरतात आणि म्हणून त्या बुजवाव्या लागतात, असे मी शक्य तितक्या सभ्यपणे समजावले.

“फटी ठेवल्या कुणी?”

“कंपनीने.”

“बुजवणार कोण?”

“कंपनीच.”

“अन् पैसे?”

“मी देणार.”

त्यांनी फाईल मांडीवर उपडी ठेवली. “२०२३ ला आमचा विमा एका रुपयात होता. २०२५ ला ते बी बंद केलं, आता रब्बीला शेकडा दीड रुपया. पण निदान गारपीट तरी कंपनी पाडत नव्हती!”

दुकानातील सगळे हसले. मी हसलो नाही, कारण उत्तर सुचत नव्हते.

“बरं, चोर शिरला तर पीकविम्यात होतं तसं ७२ तासांत कळवायचं का? पंचनाम्याला कोण येतंय?”

कोणी येत नाही आणि भरपाईही नाही, हे सांगताना कंपनीचा अधिकृत प्रतिनिधी असल्यासारखी माझीच मान खाली गेली. पैसे न देण्याचीही सोय आहे, असे मी घाईने पुढे जोडले : आपल्या सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर ठेवाव्यात, किंवा तिच्या योजनेतील १,००० गुण खर्च करावेत, जे तिच्याच शोधयंत्रावर शोध घेत बसल्याने साठतात. “म्हणजे सातबारा गहाण, नाहीतर रोजगार हमी,” असा निकाल त्यांनी दिला.

खरे तर एवढ्यावर संतापायचे कारण नव्हते. दहा वर्षे मोफत दुरुस्त्या मिळाल्या, हेही खरे. पण २०१५ साली कंपनीच्याच माणसाने भर परिषदेत विंडोज १० हीच विंडोजची शेवटची आवृत्ती असल्याचे सांगितले होते. आणि युरोपातील ग्राहक संघटनेने आवाज उठवल्यावर युरोपीय आर्थिक क्षेत्रात सुरक्षेचे हेच जादा वर्ष सेटिंग्ज न सोपवता, एक पैसा न घेता देऊ केले गेले. फट तीच, चोरही तेच. पैसे मात्र लातूरकराकडून. हे मला अजून गिळवत नाही.

एक परवाना १० संगणकांना पुरतो, हे कळताच गृहस्थांनी वर्गणी काढण्याचा प्रस्ताव मांडला. दहाही संगणकांवर माझ्याच खात्यातून आत यावे लागेल, असे मी म्हणालो.

“म्हणजे तुमचा पासवर्ड दहा घरी?”

“हो.”

“मग चोर कशाला पाहिजे?”

तेवढ्यात सर्व्हर सुरू झाल्याची हाक आली. ते उठले आणि माझ्याकडे बोट दाखवून मुलाला म्हणाले, “ह्यांचं बी माझ्याच अर्जात जोडून बघ. पिकाच्या रकान्यात लॅपटॉप टाक, अन् क्षेत्र एक गुंठा लिही.”