ॲडम स्मॉलनं भाषा उसनी घेतली नव्हती

एक मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. थोडक्यात असा: ‘आफ्रिकान्स ही दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांची, वर्णद्वेषाची भाषा. सोवेटोच्या मुलांनी ती झुगारली. तरी ॲडम स्मॉल नावाच्या गोरा नसलेल्या नाटककारानं मालकांची भाषा उसनी घेतली, तीही मोडकीतोडकी लिहिली आणि मालकांनी खूश होऊन त्याला आपलं सर्वांत मोठं पारितोषिक दिलं.’ पाठवणाऱ्यांचा राग वर्णद्वेषावर आहे, तो माझाही आहे. पण त्या रागाच्या भरात हा मजकूर नेमका चुकीच्या माणसाला मालकांच्या पंगतीत बसवतो.

पहिली गोष्ट, ‘गोऱ्यांची भाषा’. 2011 च्या जनगणनेत आफ्रिकान्स मातृभाषा सांगणारे साधारण साडेअडुसष्ट लाख लोक होते. त्यातले निम्मे ‘कलर्ड’ म्हणून नोंदले गेलेले, म्हणजे तिथले मूळ रहिवासी खोईखोई, केपमध्ये (दक्षिण आफ्रिकेच्या नैऋत्य टोकाच्या भागात) आणलेले गुलाम आणि युरोपीय यांच्या मिश्र वंशातले. गोरे चाळीस टक्क्यांच्या आतच. आणि हे काही आजकालचं चित्र नाही. 1652 मध्ये डच कंपनीनं केपला ठाणं वसवलं. पुढे तिथे बंगाल, मलबार, कोरोमंडल, इंडोनेशियाची बेटं, मादागास्कर, मोझांबिक इथून गुलाम आणले गेले. मालकांची डच या माणसांच्या तोंडी पडली आणि स्वयंपाकघरात, गोठ्यात, बंदरावर तिची घडण बदलली. आफ्रिकान्समध्ये ‘खूप’ला ‘बाइया’ म्हणतात आणि केळ्याला ‘पिसांग’. दोन्ही शब्द मलायमधून आलेत. गोऱ्यांनी पार्ल गावी ‘खऱ्या आफ्रिकानरांची’ (आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्यांची) संस्था काढून या भाषेचा झेंडा उभारला तो 1875 मध्ये. त्याच सुमाराला केपच्या मदरशांत मुलं हीच भाषा अरबी लिपीत लिहायला शिकत होती. अबू बक्र एफेंदी या मुस्लिम धर्मपंडितांनी धर्मशिक्षणावर लिहिलेलं आफ्रिकान्स पुस्तक 1877 मध्ये इस्तंबूलला छापलं गेलं, अरबी लिपीत. गोऱ्यांनी या भाषेला राजमान्यता मिळवून दिली हे खरं. पण नाव सातबाऱ्यावर चढवलं म्हणून जमीन कसणारे दुसरे कुणी नव्हतेच, असं कसं म्हणायचं?

सोवेटोबद्दल, जोहान्सबर्गजवळच्या काळ्यांच्या त्या वस्तीबद्दल, जपून बोललं पाहिजे, कारण तिथे मुलं मेली. सरकारनं काळ्यांच्या शाळांत गणित आणि सामाजिक शास्त्रं आफ्रिकान्समधून शिकवायची सक्ती केली. घरी झुलू, सोथो, त्स्वाना बोलणारी ती मुलं 16 जून 1976 रोजी रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्या मुलांच्या तोंडी ‘जुलमाची भाषा’ हे शब्द पूर्णपणे खरे होते. त्यात खोट काढायचा अधिकार मला नाही. पण मजकूर पुढचं सांगत नाही. ऑगस्टपर्यंत तोच वणवा केप टाउनला पोचला, आणि तिथे रस्त्यावर उतरलेल्या कलर्ड विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी आईबाप आफ्रिकान्सच बोलत होते. लढा सक्तीशी होता, राज्याशी होता. आईच्या बोलीशी नव्हता.

पारितोषिकाचा मुद्दा तर तारखा पाहिल्या तरी कोसळतो. स्मॉल यांचं ‘कान्ना हेइ कॉ हेइस्तू’ हे नाटक 1965 मध्ये छापून आलं. मजकुरातलं ते मोठं पारितोषिक, म्हणजे हर्ट्झोग पारितोषिक, त्यांना 2012 मध्ये मिळालं. सत्तेचाळीस वर्षं! तोवर वर्णद्वेषाची राजवट जाऊन अठरा वर्षं झाली होती, आणि अलीकडच्या ठरावीक वर्षांत नवं पुस्तक आलेलं असावं ही अट त्यांच्यासाठी बदलावी लागली होती. मालक खूश होते ते कधी? केवळ कलर्ड विद्यार्थ्यांसाठी म्हणून काढलेल्या वेस्टर्न केप विद्यापीठात ते 1960 पासून तत्त्वज्ञान शिकवत होते. काळ्यांच्या आत्मभानाच्या ‘ब्लॅक कॉन्शसनेस’ चळवळीशी त्यांनी नातं जोडलं आणि 1973 च्या विद्यार्थी आंदोलनाच्या काळात ती नोकरी सुटली. खूश झालेल्या मालकांच्या लाडक्याची गोष्ट अशी असते का?

आता ‘मोडकीतोडकी’. हा शब्द मला सगळ्यात जास्त लागला.

स्मॉल यांचा जन्म 1936 मध्ये वेलिंग्टनचा, बालपण रॉबर्टसनजवळच्या खेड्यात. वडील शाळामास्तर. पुढे घर केप टाउनला आलं. नीत्शे आणि हार्टमान या तत्त्वज्ञांवर प्रबंध लिहून एम. ए. झालेल्या या माणसाला प्रमाण आफ्रिकान्स उत्तम येत होती. तरी त्यांनी निवडली ती केप फ्लॅट्सच्या, म्हणजे केप टाउनच्या कडेच्या सपाट वस्त्यांच्या, गल्ल्यांतली आफ्रिकान्सची बोली, काप्स. गोऱ्या समाजात या बोलीवर विनोद चालत, तिला टिंगलीची नावं होती. ‘किटार मेइ क्रॉइस’ या आपल्या कवितासंग्रहाच्या पुढच्या आवृत्तीत स्मॉल यांनी त्याला सरळ उत्तर दिलं: काप्स ही गंमत नाही, ती भाषा आहे, माणसं जन्मताच पहिला टाहो तिच्यात फोडतात, तिच्यात जगतात आणि मरताना घशातली घरघरही तिच्यातच असते. वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणारं पात्र रंगमंचावर आलं की हसायचंच, असं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

नाटकाचं नावच बघा. अर्थ, ‘कान्ना घरी येतोय’. प्रमाण भाषेत ‘येतो’ला ‘कॉम’ आणि ‘घरी’ला ‘हॉइस तू’. काप्समध्ये ‘कॉ’ आणि ‘हेइस्तू’. तोंडात शब्द झिजतो तसाच त्यांनी तो मुखपृष्ठावर ठेवला. आत आहे माकीट, चालता न येणारी, ढकलगाडीत बसून असलेली आई. कान्ना तिचा पोटचा नाही, पदरी घेतलेला. घरातला हुशार तोच, म्हणून सगळे पोटाला चिमटा काढून त्याला शिकवतात. तो इंजिनिअर होऊन कॅनडाला जातो. मागे खेड्यातून शहरात आलेल्या घराची वाताहत होते. माकीटच्या मुलीवर, कीटीवर बलात्कार होतो, तिला धंद्याला लावलं जातं, तिचा जीव जातो. त्याचा सूड घेणारा तिचा भाऊ डीकी फासावर चढतो. रस्त्यावर गिटार वाजवत धर्मप्रचारकाची गाणी चालूच असतात. कान्ना येतो तेव्हा माकीटच्या दफनाची वेळ झालेली असते.

आणि या नाटकात प्रमाण आफ्रिकान्स कोण बोलतं? कान्ना. शिकून दूर गेलेला, वेळेवर घरी न पोचलेला कान्ना. गाडीतल्या माकीटपाशी, कीटीपाशी, फासावर जाणाऱ्या डीकीपाशी काप्स आहे.