दादरच्या हॉलमधील डोहाळजेवणाबाबतच्या दोन स्टारच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई. घरच्या पहिल्या डोहाळजेवणाला तुमच्या माणसांचा विरस झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

"हिरव्या दिव्यांत सगळे आजारी दिसत होते, सासूबाईंना कुंकू काळं दिसलं, वातावरण उदास झालं, पाहुणे लवकर निघून गेले" असं तुम्ही लिहिलंय. कुंकू काळं दिसलं हे खरंच. लाल वस्तूवर नुसता हिरवा उजेड पडला तर परत फेकायला तिच्याकडे लाल काही उरतच नाही. चेहऱ्याची लाली जाते तीही त्यामुळेच. म्हणून तर बुकिंगच्या दिवशी आमचा मुलगा म्हणाला होता, हिरवे पार लाइट, म्हणजे स्टेजवरचे झोताचे दिवे, फक्त मागच्या पडद्यावर ठेवू, झोपाळ्यावर दोन वॉर्म व्हाइट सोडू. 3000 केल्व्हिनच्या त्या पिवळसर उजेडात माणूस तजेलदार दिसतो. तुम्ही मोबाईलवरचा फोटो दाखवून "अख्खा हॉल असाच हिरवागार हवा" म्हणालात आणि त्या दोन दिव्यांचे पैसे बिलातून काढायला लावलेत. बिलावर ती ओळ खोडलेली आहे, शेजारी तुमची सही आहे. हे इथे लिहायचं नव्हतं. पण हॉलची बुकिंग आता लोक हेच वाचून करतात.

हिरवा रंग उदास म्हणावा तर डोहाळजेवणाला साडी हिरवी, चुडा हिरवा, त्याने आजवर कुणी उदास झालेलं पाहिलं नाही. कापडाचा हिरवा वेगळा आणि तोंडावर मारलेला झोत वेगळा, एवढंच.

"गुलाबी रंगाने तर कैदीसुद्धा शांत होतात" हेही तुम्ही सुनावलंत. तो 1979 मधला अमेरिकेतल्या सिॲटलच्या नौदल तुरुंगातला प्रयोग. पुढे इतरांनी तो करून पाहिला तेव्हा तसा गुण आला नाही. भिंतीच्या रंगाने माणसं इतकी ऐकत असती तर आमचं काम फार सोपं झालं असतं.

आणि पाहुणे लवकर गेले म्हणता, तर हॉल चार ते आठ होता. तुम्ही सव्वापाचला आलात, ओटी सहानंतर सुरू झाली. डोंबिवली-विरारची माणसं गाडीची वेळ बघूनच उठतात, त्यात रंगाचा काय दोष? श्रीखंड हिरवट दिसत होतं हे मान्य, पिवळ्याचं तसंच होतं. तरी पातेलं रिकामंच परत आलं.

पुढच्या बुकिंगपासून दिवे आधी लावून दाखवायचं बघतो आहोत, जमेल तसं. तुमच्या डिपॉझिटचा चेक ऑफिसात तयार आहे, सकाळी अकरानंतर कधीही न्या.

— हॉलमालक