‘मुख्यमंत्रिपदी उद्योगपतीच हवा’ या मजकुराचा प्रतिवाद

गेल्या काही दिवसांपासून एक लांबलचक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. राज्य म्हणजे एक मोठी कंपनी, तेव्हा ज्याने स्वतः कंपनी उभी केली त्यालाच ते चालवता येईल, असा त्याचा दावा असून त्याखाली चार मुद्दे दिले आहेत: तोट्यातली खाती बंद होतील, कामचुकार कर्मचारी घरी जातील, अमेरिकेत हा प्रयोग यशस्वी झालेला आहे, आणि आधीच श्रीमंत असलेला माणूस पैसे खाणार नाही. असले मजकूर मी एरवी न वाचताच पुढे सरकवतो. या खेपेस तो माझ्या थोरल्या काकांनी ‘विचार करण्यासारखे आहे’ अशी शिफारस जोडून पाठवला, आणि काका जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले आहेत. ज्या तर्काने त्यांच्याच शाळेला पहिल्या फटक्यात टाळे लागले असते तो त्यांना पटावा, याचा मला मनस्वी वैताग आला.

तोट्याच्या मुद्द्यात एसटी आणि कमी पटाच्या शाळा यांची नावे घेतली आहेत. एसटीत 2022 पासून 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि 2023 पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. ही सवलत जाहीर केली सरकारने, ती राबवते महामंडळ, आणि तिची भरपाई पुन्हा सरकारनेच करायची असते. ती रखडली की खड्डा महामंडळाच्या हिशेबात दिसतो आणि शिव्या कंडक्टरला बसतात.

शाळेचे उदाहरण तर याहून संतापजनक आहे. काका नोकरीला लागले तेव्हा डोंगरातल्या एका वाडीवर एकाच खोलीत चारही इयत्ता बसत. फळ्यावर मधोमध खडूने उभी रेघ मारून डावीकडे पहिलीची अक्षरे आणि उजवीकडे चौथीचा भागाकार अशी त्यांची शिकवण्याची पद्धत होती, आणि मुले दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येत. कंपनीच्या हिशेबात ही शाखा बंद करून मुलांना पुढच्या गावी पाठवणे शहाणपणाचे ठरते. पण मधल्या ओढ्याला पाणी आले की ती मुले घरीच बसतात, आणि त्यातल्या मुली पाणी ओसरल्यावरही परत येतीलच याची खात्री नसते. पहिली ते पाचवीच्या मुलांना घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याखालचे नियम सांगतात ते याचसाठी. परवडत नाही ते गिऱ्हाईक कंपनीला सोडून देता येते. राज्याला वाडी सोडून देता येत नाही. हा फरक न कळणाऱ्या माणसाच्या हाती शिक्षण खाते देणे म्हणजे काय, हे निदान एका मुख्याध्यापकाला तरी मी सांगावे लागू नये.

कामचुकारांबद्दलचा राग मला समजतो. विभागीय चौकश्या वर्षानुवर्षे रेंगाळतात, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. परंतु संविधानाच्या 311 व्या अनुच्छेदानुसार चौकशी करून आणि बाजू मांडण्याची संधी देऊनच, मोजके अपवाद वगळता, सरकारी कर्मचाऱ्याला बडतर्फ करता येते, आणि मुख्यमंत्री कोट्यधीश आहे म्हणून तो अनुच्छेद रद्द होत नाही. पैशाचेही तेच आहे: खर्चाला विधानसभेची मंजुरी लागते, केंद्राचे कर्ज शिल्लक असेपर्यंत नवे कर्ज काढायला केंद्राची संमती लागते, आणि जीएसटीचे दर परिषदेत इतर राज्यांच्या व केंद्राच्या सोबतीने ठरतात.

आता अमेरिका. तिथला गव्हर्नर लोकांनी निवडलेला असतो, म्हणजे कामाच्या दृष्टीने आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. इलिनॉय राज्यात जानेवारी 2015 मध्ये ब्रूस राउनर त्या पदावर आले. खासगी गुंतवणुकीच्या धंद्यात त्यांनी अफाट संपत्ती मिळवली होती आणि त्यापूर्वी कोणतेही निवडून यायचे पद भूषवले नव्हते. म्हणजे हा मजकूर ज्याची आरती ओवाळतो तो उमेदवार हाच. विधिमंडळाची दोन्ही सभागृहे मात्र विरोधी पक्षाकडे होती. कामगार संघटनांचे हक्क कमी करण्यासह आपल्या सुधारणा मान्य झाल्याशिवाय अर्थसंकल्पावर तडजोड नाही, असा राउनर यांनी हट्ट धरला. धंद्यात समोरचा अशा वेळी वाकतो किंवा उठून जातो. विधिमंडळ यांपैकी काहीच करत नाही. ते तिथेच बसून राहते.

परिणामी सलग दोन आर्थिक वर्षे इलिनॉयला पूर्ण अर्थसंकल्पच नव्हता. थकलेली बिले साडेचौदा अब्ज डॉलरांच्या आसपास गेली आणि कायद्याप्रमाणे त्यांतल्या कित्येक बिलांवर दरमहा एक टक्का व्याज चढू लागले. वृद्ध, व्यसनाधीन आणि मनोरुग्ण यांच्यासाठी काम करणाऱ्या लुथरन या ख्रिस्ती पंथाच्या एका मोठ्या संस्थेने 2016 च्या सुरुवातीला 30 उपक्रम बंद करून 750 कर्मचारी कमी केले, कारण सरकारकडून पैसेच येत नव्हते. शिकागो स्टेट विद्यापीठाने आपल्या सर्व 900 कर्मचाऱ्यांना कपातीच्या नोटिसा दिल्या. जून 2017 मध्ये राज्याची पत, म्हणजे कर्ज फेडण्याच्या भरवशाचे मानांकन, ‘जंक’ म्हणजे गुंतवणुकीला धोकादायक अशा दर्जाच्या जेमतेम एक पायरी वर उरली. इतकी खाली अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याची पत तोवर गेलेली नव्हती. अखेर जुलैमध्ये विधिमंडळाने, राउनर यांच्या पक्षाचे काही सदस्य फोडून, त्यांचा नकाराधिकार मोडीत काढत करवाढीसह अर्थसंकल्प मंजूर केला. 2018 च्या निवडणुकीत राउनर हरले.

कोणी म्हणेल की त्यांना हरवणारे जे. बी. प्रित्झकर हेही हॉटेल-साखळीच्या घराण्यातले अब्जाधीश गुंतवणूकदारच, आणि त्यांच्या काळात, 2021 पासून, राज्याची पत सुधारली. हे खरे आहे. मात्र त्यांच्या पाठीशी स्वपक्षाचे भक्कम बहुमत होते आणि कोविडकाळात केंद्रीय मदतही आली. एकाच राज्यात, एकाच दशकात, दोन धनाढ्यांपैकी एकाचे राज्य ठप्प होते आणि दुसऱ्याचे चालते, तर ते धंद्याच्या अनुभवामुळे असे कसे म्हणता येईल?

राहिला श्रीमंत माणूस पैसे खात नाही हा मुद्दा. त्याला लाच घेण्याची गरज नसेलही. खाणपट्टा, औद्योगिक भूखंड, वीजशुल्कातली सूट या फायली मात्र त्याच्याच मंत्रिमंडळापुढे येणार. मंत्र्यांच्या आचारसंहितेनुसार पद घेण्याआधी व्यवसायाच्या कारभाराशी संबंध तोडावा लागतो, पण मालकी सहसा सोडावी लागत नाही; सरकारी परवान्यांवर आणि पट्ट्यांवर चालणाऱ्या धंद्याची सोडावी लागली तरी ती सज्ञान नातेवाइकाकडे सोपवता येते.