अंटार्क्टिकातील ‘पिरॅमिड’ कोणीही बांधलेला नाही

अंटार्क्टिकातील एल्सवर्थ पर्वतांत चौकोनी पायाचा मानवनिर्मित पिरॅमिड आहे, त्याच्या उतारांवर रचलेल्या दगडांच्या रांगा दिसतात, बारा हजार वर्षांपूर्वी तिथे बर्फ नव्हता आणि शास्त्रज्ञ हे सारे दडवत आहेत, असा संदेश बरीच वर्षे फिरतो आहे. परवा माझ्या भाचीने तो शाळेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवला, तेव्हा गप्प राहणे अशक्य झाले.

यातला ‘रचलेल्या रांगां’चा मुद्दा सर्वांत निराधार आहे. हे खडक म्हणजे मुळात पाण्याखाली साचलेले वाळूचे, चिखलाचे आणि चुन्याचे थर असून, हा सुळका एल्सवर्थ पर्वतांच्या ज्या हेरिटेज रांगेत आहे तिथे सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या ट्रायलोबाइटांचे, म्हणजे आता नामशेष झालेल्या कवचधारी समुद्री प्राण्यांचे, जीवाश्म मिळतात. पुढे, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, गोंडवना या प्राचीन महाखंडाच्या काठावरील प्रचंड दाबाने या थरांना वळ्या पडल्या, खडकांचे काही प्रमाणात रूपांतरण झाले आणि थरांना तिरका छेद देणारी समांतर पृष्ठे, म्हणजे पाटन, तयार झाली. थर वळीबरोबर वाकतात, पाटन मात्र आपली दिशा सहसा न सोडता त्यांच्यातून आरपार जाते. कोणत्या गवंड्याच्या भिंतीत असे घडते? चुनखडीतले मूळचे गोल कणसुद्धा ताणून लांबट झालेले आहेत. अमेरिकेच्या जिऑलॉजिकल सोसायटीने १९९२ मध्ये या पर्वतांवर स्वतंत्र ग्रंथ, मेमॉयर १७०, प्रसिद्ध केला. संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी तो एकदा उघडावा.

टोकदार आकार हिमनद्यांनी अनेक बाजूंनी कोरल्यामुळे आणि भेगांत गोठणाऱ्या पाण्याने खडक फोडल्यामुळे येतो. आल्प्समधील मॅटरहॉर्न तसाच घडला. संदेशातील दुसरे छायाचित्र, अंटार्क्टिकाच्याच क्वीन मॉड लँड या भागातील ‘कापलेल्या भिंतीं’चे, ग्रॅनाइटी खडकांचे आहे, आणि अशा खडकात सरळ, उभ्या संधी, म्हणजे भेगा, नैसर्गिकच असतात.

अंटार्क्टिकात एके काळी जंगले होती, एवढे मान्य करावे लागेल. याच पर्वतांत ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे आहेत. पण ते २५ कोटी वर्षांहून जुने आहेत, आणि खंडावरची मोठी हिमचादर सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वीपासूनची आहे, म्हणजे माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधीची.

राहिला दडवण्याचा आरोप. अमेरिकी संशोधक-प्रवासी लिंकन एल्सवर्थने १९३५ मध्ये विमानातून हे पर्वत पाहिले, आणि आज हेरिटेज रांगेतल्याच युनियन हिमनदीवर दर उन्हाळ्यात गिर्यारोहकांची विमाने उतरतात.